आई-बाबा, दोन लहान मुले आणि लंडन : भटकंतीची आखणी कशी करावी?

सई_रेडिंग

नमस्कार मंडळी,

माझे आई-बाबा जूनच्या पहिल्या आठवड्यात सांगलीहून आमच्याकडे, लंडनच्या पश्चिमेला असलेल्या रेडिंग गावी येत आहेत आणि ऑगस्टअखेरपर्यंत राहणार आहेत. दोघांचाही हा पहिलाच परदेशप्रवास आहे. बाबा साखर कारखान्यात बॉयलर विभागात होते. सपाटीवर ते सावकाश का होईना, बरेच चालतात. जिने मात्र गुडघ्यांमुळे जड जातात. आईला मधुमेह आहे, त्यामुळे तिच्या जेवणाच्या वेळा पाळाव्या लागतात, आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे आणि मुलगी अडीच वर्षांची. आम्ही दोघेही नोकरी करतो, तेव्हा रजा मोजूनमापूनच मिळणार.

आई-बाबांना लंडन नीट दाखवावे, अशी मनापासून इच्छा आहे. पण सहा जणांनी एकत्र बाहेर पडायचे म्हटले की कुणाला भूक लागते, कुणाला झोप येते, कुणाचे पाय भरून येतात आणि पाहायचे ते राहूनच जाते, असे अनेकांकडून ऐकले आहे. ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया सांगावे, की कोणती ठिकाणे खरोखर घ्यावीत, प्रवास कसा करावा आणि दिवसाला किती पाहावे? पर्यटकांच्या उघड्या बसचा उपयोग होतो का? मध्येच चार दिवस पॅरिसला जाऊन येणे जमेल का, तेही सांगा.

टेम्सकाठ

सई, आधी जिन्यांचे बोलू, कारण लंडनमध्ये गुडघ्यांच्या दुखण्यावर सगळी आखणी अवलंबून असते. इथली भुयारी रेल्वे १८६३ साली सुरू झाली. जुनी स्थानके बांधताना लिफ्टचा विचार झालेला नव्हता आणि आजही साधारण एक तृतीयांश स्थानकांतच रस्त्यापासून फलाटापर्यंत पायरी न चढता जाता येते. नकाशावर अशा स्थानकांजवळ चाकाच्या खुर्चीचे चिन्ह असते. घरातून निघण्यापूर्वी ते पाहायची सवय लावून घ्या. जिथे बदल करायचा, त्या स्थानकावर लिफ्ट आहे का, हे तर हमखास पाहावे, कारण माणूस सहसा तिथेच अडकतो.

तुमच्या बाबतीत एक मोठी सोय आहे. २०२२ साली सुरू झालेली एलिझाबेथ लाइन थेट रेडिंगपर्यंत येते आणि तिच्या सर्व ४१ स्थानकांवर फलाटापर्यंत पायरीविना जाता येते. टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरलात तर ब्रिटिश म्युझियम चालण्याच्या अंतरावर आहे. कॅनरी वॉर्फला उतरून डीएलआर (डॉकलँड्स लाइट रेल्वे) घेतली तर ग्रिनिचला कटी सार्क जहाजाच्या दाराशी पोहोचता, आणि त्या स्थानकावरही लिफ्ट आहे. भुयारी रेल्वेच्या ज्युबिली लाइनवर वेस्टमिन्स्टरपासून स्ट्रॅटफर्डपर्यंतच्या स्थानकांवरही लिफ्ट आहेत, कारण तो भाग १९९९ साली नव्याने बांधला गेला. एवढ्या तीन मार्गांवर आखणी केलीत तर बाबांना एकही जिना चढावा लागणार नाही.

पर्यटकांच्या उघड्या बसवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ट्रफल्गर स्क्वेअरहून सुटणारी १५ क्रमांकाची साधी लाल बस सेंट पॉल्स कॅथेड्रलवरून टॉवर ऑफ लंडनकडे जाते. ९ क्रमांकाची बस रॉयल अल्बर्ट हॉल आणि हाइड पार्क कॉर्नरवरून जाते. साध्या बसमध्ये चालक चढ-उतारासाठी दारात उतरती फळी (रॅम्प) टाकू शकतो, तासाभरात कितीही बस बदलल्या तरी एकाच फेरीचे भाडे लागते आणि लहान मुलांना भाडे नाही.

ओवी

टेम्सकाठ यांच्या माहितीत एक महत्त्वाची भर घालते. एलिझाबेथ लाइनच्या गाड्यांत स्वच्छतागृह नसते. रेडिंगहून मध्य लंडनला त्या गाडीने जायला तास लागतो, आणि मधुमेह असलेली आजी व नुकतीच लंगोट सुटलेली नात बरोबर असताना तो तास फार मोठा होतो. त्यापेक्षा रेडिंगहून पॅडिंग्टनला जाणारी जलद गाडी घ्यावी. ती अर्ध्या तासाच्या आसपास पोहोचवते आणि तिच्यात स्वच्छतागृह असते. पॅडिंग्टन स्थानकातले स्वच्छतागृहही २०१९पासून विनामूल्य आहे. तिथे सगळ्यांनी जाऊन घ्यावे आणि मग लिफ्टने एलिझाबेथ लाइनवर उतरावे.

दुसरे म्हणजे, ऑयस्टर कार्ड, म्हणजे लंडनच्या वाहतुकीचे आधी पैसे भरून वापरायचे कार्ड, रेडिंगला चालत नाही. पश्चिमेकडे ते वेस्ट ड्रेटनपर्यंतच चालते, त्यापुढे बँकेचे कार्ड टेकवावे लागते किंवा तिकीट काढावे लागते. प्रत्येक मोठ्या माणसाला स्वतंत्र कार्ड हवे, एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही. आई-बाबा साठीच्या पुढचे असतील तर त्यांचे सीनियर रेलकार्ड काढा. ते पाहुण्यांनाही मिळते आणि रेल्वेच्या तिकिटावर एक तृतीयांश सवलत मिळते, फक्त सकाळच्या गर्दीच्या वेळी त्यावर बंधने असतात. लंडनच्या ज्येष्ठ रहिवाशांना मिळणारे मोफत प्रवासाचे कार्ड मात्र पाहुण्यांना मिळत नाही.

वाटाड्या

माझे मत थोडे वेगळे आहे. आई-बाबा आयुष्यात कदाचित एकदाच येणार आहेत. दिवसाला एकच ठिकाण, दुपारी विश्रांती, संध्याकाळी बाग, असे करत बसलात तर ते निम्मे लंडनही न पाहता परत जातील. आमच्याकडे सासू-सासरे आले तेव्हा आम्ही सात आसनी गाडी भाड्याने घेतली आणि सकाळी सातला निघून रात्री दहाला परत, असा क्रम ठेवला. जूनमध्ये सूर्य रात्री नवाच्या पुढे मावळतो, त्या उजेडाचा उपयोग करायलाच हवा. लोक दमतात हे खरे, पण घरी गेल्यावर आठवतात ती पाहिलेली ठिकाणेच.

अबोली

वाटाड्या, मोठी माणसे एकटी असतील तर तुमचा क्रम चालेल, पण अडीच वर्षांच्या मुलीला सकाळी सात ते रात्री दहा बाहेर ठेवणे मला पटत नाही. मूल रडायला लागले की आजी पाहायचे सोडून त्याला कडेवर घेते. आपण तिला राजवाडा दाखवायला नेलेले असते आणि ती तिथल्या बाकावर बसून नातीला थोपटत असते. शिवाय मध्य लंडनमध्ये गाडी नेण्याचे शुल्क वेगळे, वाहनतळ शोधण्याचा ताप वेगळा, आणि दोन मुलांच्या आसनांसह सहा जण बसवायचे तर सात आसनी गाडीतही सामानाला जागा उरत नाही.

एक ठिकाण, एक बाग आणि वेळेवर जेवण, यावर आमचे छान भागले.

पांथस्थ

जेवणाविषयी. बाहेर शाकाहारी पदार्थ सगळीकडे मिळतात, पण रांग लावून ते हातात पडेपर्यंत तासभर जातो आणि मधुमेहाच्या माणसाला तो तास जड जातो. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि काकडी बरोबर ठेवा. दशमी मऊ राहते, मूल स्वतःच्या हाताने खाते, सांडत काही नाही. सायन्स म्युझियम आणि नॅचरल हिस्टरी म्युझियम या दोन्ही ठिकाणी घरचा डबा खायला वेगळी जागा आहे, त्यामुळे पावसात आडोसा शोधावा लागत नाही. दोन्ही संग्रहालये शेजारी-शेजारी आहेत आणि प्रवेश विनामूल्य आहे. नॅचरल हिस्टरीच्या मुख्य दालनात छताला निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे. तिथे आजोबा आणि नातू सारख्याच माना वर करून उभे राहतात.

सुमनकाकू

सई, मी नाशिकची. मुलगा लंडनच्या हॅरो भागात असतो, त्यामुळे मी या विषयात दुसऱ्या बाजूने लिहू शकते. वरचे सगळे प्रतिसाद वाचले. लिफ्ट, डबा, स्वच्छतागृह, सगळे योग्य आहे. पण आई-बाबांना काय पाहायचे आहे, हे त्यांना विचारावे असे अजून कुणीच लिहिलेले नाही.

मी शाळेत इतिहास शिकवत असे. ब्रिटिश म्युझियममधला रोझेटा शिलालेख, ज्याच्यामुळे इजिप्तची चित्रलिपी वाचता आली, तो मी वर्षानुवर्षे मुलांना पुस्तकातल्या चित्रावरून समजावून सांगितला. पहिल्यांदा आले तेव्हा आम्ही सगळे तिथे गेलो. धाकटी झोपली होती, तेव्हा "आई, तुम्ही दमला असाल, जरा बसा" असे म्हणून मला बाबागाडीशेजारी बसवले आणि मंडळी वरच्या मजल्यावर ममी पाहायला गेली. मी दमले नव्हते. मुलीला उन्हाची तिरीप लागत होती म्हणून मी गाडी थोडी वळवली आणि तिथेच बसून राहिले. शिलालेख त्याच मजल्यावर होता आणि तो मी त्या दिवशी पाहिला नाही. त्यांनी हे प्रेमापोटीच केले, यात मला तिळमात्र शंका नाही. परंतु वय झालेल्या माणसाचा थकवा इतरांनी ठरवून टाकावा, हे मला आजही योग्य वाटत नाही.

आम्हाला नातवंडांबरोबर राहायला आवडते, त्यांना सांभाळायलाही आवडते. पण सहलीच्या दिवशी आम्हीसुद्धा सहलीला आलेलो असतो. म्हणून मुलाने सून, मी आणि तो अशा पाळ्या लावल्या. आज मुले त्याच्याकडे, उद्या तिच्याकडे, परवा माझ्याकडे. ज्या दिवशी मुले माझ्याकडे नसतात, त्या दिवशी मी माझ्या वेगाने पाहते आणि कुणाची परवानगी घेत नाही.

आणखी एक गोष्ट. तिकिटाची किंमत आई-बाबांपुढे बोलू नका. आम्ही मनात पौंडांचे रुपये करतो आणि "मला नाही इच्छा, तुम्ही जाऊन या" असे सांगून मोकळे होतो. तिकिटे आधी काढून ठेवावीत आणि आदल्या रात्री फक्त निघण्याची वेळ सांगावी.

अबोली

सुमनकाकू, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. पुढच्या महिन्यात माझ्या सासूबाई येत आहेत. त्यांना काय पाहायचे आहे, हे आम्ही आज रात्रीच फोन करून विचारणार आहोत.

निरामय

आरोग्याविषयी लिहिणे भाग आहे, कारण आईंना मधुमेह आहे. अभ्यागत व्हिसावर आलेल्यांना अपघात विभागातले प्राथमिक उपचार विनामूल्य मिळतात. पण रुग्णालयात दाखल व्हावे लागले की बिल लागते, आणि ते एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, ठरलेल्या दराच्या दीडपट असते. म्हणून भारतातून निघण्यापूर्वीच प्रवास विमा घ्यावा आणि अर्जात मधुमेह व गुडघ्यांचे दुखणे स्पष्ट लिहावे. लपवलेल्या आजारावरचा दावा नाकारला जातो.

भारतातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर इथले औषधाचे दुकान औषध देत नाही. पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढी औषधे, चिठ्ठीसह, बरोबर आणावीत. इन्सुलिन असेल तर ते हातातल्या पिशवीतच ठेवावे, कारण मालाच्या कप्प्यात ते गोठण्याचा धोका असतो. उन्हाळ्यात इथले घड्याळ भारताच्या साडेचार तास मागे असते, तेव्हा प्रवासाच्या दिवशी डोस केव्हा घ्यायचा हे सांगलीच्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. पहिले चार-पाच दिवस लांबचे काही ठेवू नका. या दिवसांत झोप आणि जेवण दोन्हीच्या वेळा सरकतात, आणि साखर नेमकी तेव्हाच वर-खाली होते. तातडीचे पण जिवावरचे नसलेले काही विचारायचे असेल तर १११ हा क्रमांक विनामूल्य आहे.

गोदातीर

बाबांसाठी दोन गोष्टी. "कृपया मला बसायला जागा द्यावी" अशा अर्थाचा बिल्ला लंडनची वाहतूक संस्था विनामूल्य देते. तो कोटावर लावला की गाडीत लोक आपण होऊन उठतात आणि बाबांना तोंड उघडून मागावे लागत नाही. दुसरे म्हणजे चाकाची खुर्ची. ब्रिटिश म्युझियमसारख्या मोठ्या संग्रहालयांत ती विनामूल्य वापरायला मिळते. माझे वडील सुरुवातीला खुर्चीचे नावही काढू देत नव्हते. मग ती नातवाला बसायला म्हणून घेतली. तासाभराने नातू उतरून पळाला आणि वडील शांतपणे तिच्यात बसले. त्यांना चालता येत होते, पण बसून फिरल्यामुळे सगळे लक्ष समोरच्या वस्तूंकडे राहिले.

सई_रेडिंग

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुमनकाकू, तुमचा प्रतिसाद वाचून मी लगेच आई-बाबांना फोन केला. आई म्हणाली, "मला कोहिनूर पाहायचा आहे आणि बाबासाहेब आंबेडकर राहत होते ते घर पाहायचे आहे." बाबा आधी "तुम्ही न्याल तिकडे येतो" म्हणाले, पण खोदून विचारल्यावर म्हणाले, "वाफेचे इंजिन जवळून पाहायला मिळेल का?" यांपैकी एकही गोष्ट माझ्या यादीत नव्हती. आता कुणी या तिन्ही गोष्टींविषयी सांगेल का? मुले बरोबर असतीलच.

टेम्सकाठ

कोहिनूर टॉवर ऑफ लंडनमध्ये आहे. १९३७च्या राज्याभिषेकासाठी राणी एलिझाबेथ, म्हणजे पुढे ज्यांना राजमाता म्हणत, यांच्यासाठी घडवलेल्या मुकुटात तो बसवलेला आहे. दार उघडण्याच्या वेळेलाच आत शिरा आणि वाटेत कुठेही न थांबता सरळ रत्नागाराकडे जा. अकरानंतर तिथे लांबलचक रांग लागते. आत मुकुटांसमोर सरकता पट्टा आहे, तो सगळ्यांना संथपणे पुढे नेतो. मागे वळून पुन्हा पट्ट्यावर उभे राहता येते, आईंना हे आधी सांगून ठेवा. आवारात दगडी फरशी उंच-सखल आहे, बाबांना टाचेला आधार देणारी पादत्राणे घालायला सांगा. बुरुजांचे जिने त्यांनी सोडून द्यावेत. मुले तिथल्या डोमकावळ्यांपाशी रमतात. ते कावळे टॉवर सोडून गेले तर राज्य कोसळेल, अशी जुनी समजूत आहे, म्हणून त्यांची निगा राखायला स्वतंत्र माणूस नेमलेला असतो. आमच्या मुलाने त्या रखवालदाराला कावळ्यांना पगार मिळतो का, असे विचारले होते आणि त्या गृहस्थांनी अतिशय गंभीरपणे त्यांच्या रोजच्या खुराकाची यादी सांगितली.

पांथस्थ

बाबासाहेबांचे घर उत्तर लंडनमध्ये १०, किंग हेन्रीज रोड येथे आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२मध्ये ते तिथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले आणि आता ते स्मारक म्हणून पाहता येते. घर साधे, चिंचोळे आहे. आत जिने आहेत, हे बाबांसाठी लक्षात ठेवा. जाण्यापूर्वी उघडण्याच्या वेळा पाहून घ्या.

त्या घरापासून प्रिमरोज हिल अगदी जवळ आहे. पायथ्याशी मुलांसाठी खेळायची जागा आहे आणि टेकडीच्या माथ्यावरून सारे लंडन दिसते. आई स्मारकात वेळ घेत असतील तेव्हा मुलांना घेऊन एकाने तिकडे जावे. आमच्या आईने तिथे इतका वेळ काढला, की तोवर मुलांचे खेळून, खाऊन, झोपूनही झाले. कुणी तिला घाई केली नाही, याचे मला समाधान आहे.

केशव_लीड्स

वाफेच्या इंजिनासाठी यॉर्कला या! मी इतके दिवस फक्त वाचत होतो, पण बॉयलर विभागातला माणूस आणि त्याला राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय ठाऊक नाही, हे पाहून लिहिल्यावाचून राहवले नाही.

किंग्ज क्रॉसहून यॉर्कला साधारण दोन तास लागतात आणि संग्रहालय स्थानकाच्या मागेच, पाच-दहा मिनिटांच्या चालीवर आहे. प्रवेश विनामूल्य आहे. मोठ्या दालनाची जमीन सपाट आहे, त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही. तिथे 'मॅलार्ड' आहे, निळ्या रंगाचे, समोरून उतरते होत गेलेले इंजिन. १९३८ साली त्याने ताशी १२६ मैलांचा, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटरचा वेग गाठला आणि वाफेच्या इंजिनांतला तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. जपानच्या पहिल्या शिंकान्सेनचा डबाही आहे, आत जाऊन बसता येते.

पण तुमच्या बाबांना मॅलार्डपेक्षा 'एलरमन लाइन्स' नावाचे इंजिन आवडेल. ते उभे कापून ठेवले आहे. अग्निपेटी, बॉयलरमधल्या नळ्यांची रांग, वाफ कोठून निघते, सिलिंडरमध्ये कशी शिरते आणि दट्ट्या कसा ढकलते, हे सगळे उघडे दिसते. माझे सासरे माझगाव गोदीत फिटर होते. त्यांनी त्या इंजिनापाशी उभे राहून माझ्या मुलीला नळीत बाहेरून आग आणि आतून पाणी की उलटे, हे विचारले. तिने वाकून पाहिले आणि बरोबर उत्तर दिले. मग शेजारी उभी असलेली दोन अनोळखी मुलेही त्यांच्याभोवती जमली, आणि सासरे मराठीतून आणि मुलगी इंग्रजीतून समजावत राहिली. तिथला स्वयंसेवकही येऊन ऐकू लागला.

एक रात्र यॉर्कला राहा, एका दिवसात येऊन-जाऊन करू नका. अडीच वर्षांच्या मुलीला चार-पाच तास गाडीत बसवणे कुणाच्याच हिताचे नाही.

वाटाड्या

केशव, हे इंजिन मलाही ठाऊक नव्हते. सासरे पुन्हा येणार आहेत, त्यांच्यासाठी टिपून ठेवतो. सुमनकाकूंचे म्हणणे मला मान्य आहे. तरीही लांब दिवसाचा मुद्दा मी पूर्ण सोडत नाही. मुलांना एका पालकाबरोबर घरी ठेवून आजी-आजोबांना दुसऱ्या पालकाने एखादा मोठा दिवस फिरवावे. बाथ आणि स्टोनहेंज असा दिवस त्यांच्यासाठी उत्तम आहे. स्टोनहेंजला अभ्यागत केंद्रापासून तिथल्या पुरातन उभ्या शिळांपर्यंत बस जाते. बाथला रोमनांनी बांधलेली गरम पाण्याची कुंडे आहेत, तिथल्या झऱ्याचे पाणी ४६ अंश सेल्सिअस असते. वज्रेश्वरीची कुंडे पाहिलेल्या माणसाला तिथे फार रस वाटतो.

ओवी

पॅरिसचा प्रश्न अनुत्तरित राहिला आहे. ब्रिटनच्या व्हिसावर फ्रान्समध्ये जाता येत नाही, त्यासाठी वेगळा शेंगेन व्हिसा (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) लागतो आणि तो साधारणपणे राहत्या देशातून, म्हणजे आई-बाबांना भारतातूनच, काढावा लागतो. इथे आल्यावर ऐनवेळी ते जमणार नाही. जायचे असेल तर आत्ताच अर्ज करायला हवा. माझा सल्ला विचाराल तर या फेरीत पॅरिस नको. तीन महिन्यांत इथलेच पाहून होणार नाही.

सुमनकाकू

सई, आठवड्याच्या कामाच्या दिवशी आई-बाबांनी काय करावे, यावर कुणी लिहिले नाही. जूनमध्ये मोठा नातू शाळेत आणि तुम्ही दोघे कामावर असाल. आई-बाबांना घरापासून गावापर्यंतची एक बस शिकवा. पहिल्यांदा बरोबर जा, दुसऱ्यांदा त्यांना पुढे बसवून तुम्ही मागे बसा, तिसऱ्यांदा त्यांना जाऊ द्या. उतरण्याच्या थांब्याचे नाव देवनागरीत कागदावर लिहून द्या.

रेडिंगमध्ये फॉर्बरी बागेत एक प्रचंड सिंह आहे. १८८०च्या मैवंदच्या लढाईत अफगाणिस्तानात पडलेल्या इंग्रज पलटणीच्या स्मरणार्थ तो १८८६ साली उभारला. त्याच लढाईत आपल्या मुंबई सैन्याच्या पलटणीही होत्या आणि त्यांतलेही पुष्कळ शिपाई पडले. त्यांची नावे त्या सिंहाखाली नाहीत, हे मला तिथे उभे राहून फार जाणवले. बागेला लागूनच ११२१ साली स्थापन झालेल्या मठाचे अवशेष आहेत. गावातल्या संग्रहालयात फ्रान्समधल्या बायू येथील प्रसिद्ध मध्ययुगीन भरतकामाची, व्हिक्टोरियन काळात स्त्रियांनी भरलेली पूर्ण लांबीची प्रत आहे. हे सगळे चालण्याच्या टप्प्यात आहे. आई-बाबा स्वतः जाऊन हे पाहून आले आणि संध्याकाळी त्यांनी तुम्हाला सांगितले, तर त्यांना हे गाव आपले वाटेल.

सई_रेडिंग

सुमनकाकू, मी रेडिंगमध्ये इतकी वर्षे राहते आणि त्या सिंहाखाली मुलाला रोज आइसक्रीम खाताना पाहते, पण मैवंदचा आणि मुंबई सैन्याचा संबंध आज कळला. बाबांना हे नक्की सांगते.

आता ठरले ते असे. पहिला आठवडा रेडिंगमध्येच. मग एका शुक्रवारी मी रजा घेऊन आई-बाबांना घेऊन टॉवर पाहणार, मुलगी पाळणाघरात असेल. बाबासाहेबांच्या घरी सगळे जाऊ, मुलांना नवरा टेकडीवर नेईल. यॉर्कची सहल शाळेला उन्हाळी सुटी लागल्यावर, एक रात्र राहून. पॅरिस रद्द. लांब दिवस बाथ-स्टोनहेंजचा, फक्त आई-बाबा आणि नवरा.

एकच शेवटचा प्रश्न. मुलाला लेगोलँड या मुलांच्या खेळउद्यानात जायचे आहे आणि आईला विंडसरचा किल्ला. दोन्ही विंडसरलाच आहेत, तेव्हा एकाच दिवशी दोन गट करून जमेल का? बाबांना तिथला चढ झेपेल का?

अबोली

जमते, आम्ही तसेच केले. रेडिंगहून स्लाउला गाडी बदलायची, तिथून विंडसर अँड इटन सेंट्रल. ते स्थानक किल्ल्याच्या अगदी समोर आहे, फक्त दरवाजापर्यंत थोडा चढ आहे आणि तिथे बाबांनी सावकाश चालावे. आत गेल्यावरही चढ-उतार आहेत, बसायला बाकही आहेत. मुलांना घेऊन जाणाऱ्याने स्थानकाजवळून लेगोलँडची बस घ्यावी आणि संध्याकाळी सगळ्यांनी स्थानकावरच भेटावे. लेगोलँडमध्ये मोठ्यांना पाहण्यासारखे फार नाही आणि चालणे मात्र भरपूर आहे, म्हणून आजी-आजोबांना तिकडे नेऊ नये.

वार नीट निवडा. किल्ला मंगळवारी आणि बुधवारी बंद असतो. रविवारी किल्ला उघडा असला तरी आतले सेंट जॉर्जेस चॅपल पर्यटकांसाठी बंद ठेवतात, आणि राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांची समाधी तिथेच आहे. आईंना ती पाहायची असेल तर शनिवार किंवा सोमवार धरा.